अडकलेलं मशीन आणि आत गेलेला हात

खान्देशातल्या बऱ्याच जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांत) रिस्क असेसमेंटची, म्हणजे धोक्यांच्या मूल्यांकनाची, फाईल असते. ऑफिसच्या कपाटात, फायर एनओसीच्या शेजारी. उघडली तर तक्त्यात ‘जिन मशीन चालवणे’, ‘गाठ बांधणे’, ‘माल चढवणे-उतरवणे’ अशा ओळी, आणि प्रत्येकीपुढे उपाय म्हणून तेच तीन शब्द: हातमोजे, मास्क, प्रशिक्षण. ‘रोलरमध्ये अडकलेला कापूस काढणे’ ही ओळ क्वचितच सापडते. ‘सरकीच्या स्क्रूचं झाकण उघडणे’, ‘पट्टा चढवणे’, ‘रात्रपाळीत एकट्याने साफसफाई करणे’ याही नसतात. बोटं, पंजे, पाय जातात ते बहुतेक याच कामांत. मशीन नीट चालत असेल तर समोरच्या माणसाला हात आत घालायचं कारणच नसतं. ते कारण मशीन अडल्यावर तयार होतं.

ही पोस्ट त्या न लिहिलेल्या ओळींबद्दल. उदाहरणं जिनिंगची जास्त आहेत, कारण दसऱ्यानंतर जळगाव, धुळे, नंदुरबारात तोच हंगाम असतो. डाळ मिल, चटईचे कारखाने, मिरचीच्या गिरण्या यांनी आपापल्या मशीनचं नाव घालून वाचावं.

आधी डबल रोलर जिन. दोन रोलर, प्रत्येकाला दाबून बसवलेला स्थिर चाकू, आणि सतत हलणारा दुसरा चाकू सरकीला ठोकर देत रुईपासून सोडवतो. रोलर नवा असताना व्यास साधारण १८० मिलिमीटर, वेग मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे रोलरचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ एक मीटर धावतो. बोट ओढलं गेल्याचं कळून हात मागे घ्यायला अर्धा सेकंद धरला, तर तेवढ्यात रोलर अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. ‘मी पटकन हात काढीन’ हा हिशेब इथे बसतच नाही. हातमोज्याने तर गोष्ट बिघडते: फिरत्या रोलरपाशी कापडी मोजा आधी पकडला जातो आणि मागून हात ओढतो. गाठीची पट्टी बांधताना मोजा हवाच, रोलरपाशी नको. ‘हातमोजे’ हा एकच उपाय सगळ्या ओळींत चिकटवणाऱ्या तक्त्याला म्हणूनच काही अर्थ उरत नाही.

मग मूल्यांकन सुरू कुठून करायचं? खडूपासून. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक जिनच्या पत्र्यावर, मशीन अडलं की एक रेघ. कोणाची चूक, किती वेळ गेला, काही लिहायचं नाही, फक्त रेघ. सुपरवायझरला विचाराल तर तो ‘दिवसातून एखाद-दोनदा’ म्हणेल. रेघा वेगळं सांगतात, आणि कुठल्या जिनवर जास्त, कुठल्या पाळीत जास्त, हेही सांगतात. ‘शक्यता’ या रकान्यात अंदाजाने भरलेल्या आकड्याऐवजी आता खरा आकडा येतो.

रेघा जास्त कशामुळे, ते शोधायला गेलं की बहुतेक वेळा माणूस मशीनपासून यार्डात येऊन पोचतो. पहिल्या वेचणीचा कापूस दवाने ओला असतो. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या वरचा घेत नाही; खासगी जिनवाले घाईत त्याहून ओलाही घेतात. असा कापूस रोलरला गुंडाळतो, चाकूपाशी गोळे होतात, सरकी नीट सुटत नाही. पालापाचोळा, नख्या, सुतळी, गोणीचे तुकडे हे त्यात भर. म्हणजे बोट वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय यार्डातच आहे: ओलावा मोजायचं मीटर, ओल्या मालाची वेगळी गंजी, ती उन्हात पसरून उलथण्यासाठी जागा आणि माणसं, आणि फीडरला (जिनला कापूस पुरवणाऱ्या भागाला) माल एकसारखा देणं. सुरक्षाशास्त्रात उपायांची उतरंड शिकवतात: आधी धोका काढून टाका, मग बदला, मग यांत्रिक अडथळा, मग नियम, शेवटी अंगावरची साधनं. मशीन कमी अडेल तर हात कमी वेळा आत जाईल; यापेक्षा वरचा उपाय नाही. शेठला हे पटवायला सोपंही जातं, कारण अडणाऱ्या जिनचं उत्पादनही कमीच असतं.

आता तक्ता भरताना होणारी एक नेहमीची गफलत. पाच बाय पाचचा तक्ता असतो: शक्यता १ ते ५, गांभीर्य १ ते ५, गुणाकार म्हणजे जोखीम. अडकलेला कापूस काढण्याचं गांभीर्य ४ धरू (कायमचं अपंगत्व), शक्यताही ४, कारण रेघा रोजच्या आहेत. जोखीम १६. मग ‘उपायांनंतर’च्या रकान्यात प्रशिक्षण लिहितात आणि गांभीर्य ४ वरून २ वर आणतात. हे कसं होईल? प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं बोट रोलरमध्ये गेलं तर तेवढंच तुटतं. स्विचला कुलूप, कापूस काढायला हाताऐवजी लाकडी आकडी, फिरत्या भागावर गार्ड (संरक्षक झाकण किंवा जाळी) यांनी शक्यता खाली येते. गांभीर्य खाली आणायचं तर रोलरची ताकद किंवा वेग कमी करावा लागेल, जे जिनमध्ये शक्य नाही. म्हणून योग्य आकडे ४ गुणिले २, म्हणजे ८. कोणाचाही तक्ता तपासताना आधी हा एक रकाना बघावा. गांभीर्य घसरलेलं दिसलं तर तो तक्ता ऑफिसात बसून भरला आहे.

मशीन बंद करणं म्हणजे काय, यावर जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लाल बटण दाबलं की मोटर थांबते, पण करंट पॅनलपर्यंत आलेलाच असतो. दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला मशीन थांबलेलं दिसतं, आत कोण आहे ते दिसत नाही, तो हिरवं दाबतो. लॉकआउटचा, म्हणजे वीज तोडून कुलूप लावण्याचा, क्रम असा: आजूबाजूच्यांना सांगायचं, बटणाने थांबवायचं, पॅनलवरचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. टॅगवर नाव आणि वेळ. दोघं काम करत असतील तर कुलपं दोन, म्हणजे एक निघालं तरी वीज येत नाही. मग साठलेली ताकद सोडायची: प्रेसचा रॅम खाली टेकवून हायड्रॉलिक प्रेशर शून्यावर, एअर लाइन रिकामी. आणि शेवटी जागेवर येऊन हिरवं बटण दाबून पाहायचं.

हे शेवटचं पाऊल फार गाळलं जातं, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. ऑफ-सीझनमध्ये मोटरी बदलतात, केबल इकडच्या तिकडे होतात, पॅनलवरचं जुनं लेबल तसंच राहतं. सातव्या जिनचा स्विच म्हणून पाडलेला सहाव्याचा निघतो. बटण दाबून पाहिल्याशिवाय हे कळायचा दुसरा मार्ग नाही. ज्या पॅनलला कुलपाची सोय नाही तिथे एमसीबीवर बसणारं छोटं क्लॅम्प मिळतं, काही शे रुपयांत. नुसता फ्यूज काढून खिशात ठेवणं ही जुनी पद्धत. दुसरा फ्यूज बसवायला कोणालाही अर्धं मिनिट लागतं.

खान्देशात एक वेगळी गोष्ट धरावी लागते: लाईट जाणं. लाईट गेली की सगळं थांबतं, आणि ‘आता बंदच आहे’ म्हणून हात आत जातात. चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की तो सुटतो आणि परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पण आपल्याकडे प्रत्येकाच्या विहिरीवर ऑटो स्टार्टर असतो. रात्री-अपरात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून बसवलेला. केळीला पाणी द्यायला ते सोयीचं असेल (महावितरण त्याच्याही विरोधात आहे, सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार येतो म्हणून). तोच वायरमन मिलमध्ये काम करतो आणि तीच सवय तिथे येते: बटणात काडी खोचलेली, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) बांधून ठेवलेला, किंवा स्टार्टरऐवजी नुसता फिरवायचा चेंजओव्हर स्विच. महिन्यातून एकदा करायची चाचणी सोपी आहे. सगळी मशीन रिकामी चालू असताना मेन पाडायचा, सगळ्यांना लांब उभं करायचं, मेन परत टाकायचा. जे मशीन स्वतःहून फिरलं त्याचा स्टार्टर त्याच दिवशी बदलायचा.

प्लास्टिकच्या चटईवाल्यांच्या ग्राइंडरला (प्लास्टिकचे तुकडे करणाऱ्या मशीनला) आणखी एक पेच आहे. वीज तोडल्यावरही जड रोटर काही वेळ ब्लेडसकट फिरत राहतो. झाकणाला लिमिट स्विच असला तरी झाकण उघडल्यावर मोटरची वीज तुटते, रोटर थांबत नाही. म्हणून स्विच ऑफ केल्यापासून रोटर पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा, त्याच्या दुप्पट वेळ झाकणावर मोठ्या आकड्यात लिहावा, आणि झाकणाचे बोल्ट असे घ्यावेत की सोडवायलाच तेवढा वेळ लागेल.

जिनच्या खालच्या नालीतला सरकीचा स्क्रू, म्हणजे सरकी पुढे ढकलणारा फिरता मळसूत्री दांडा, दिसत नाही, म्हणून विसरला जातो. वर प्लेटी असतात. स्क्रू जाम झाला की प्लेट उचलतात, काम झालं की घाईत तशीच ठेवतात. रुईच्या फुफाट्यात उघडी नाली कळत नाही आणि पाय आत जातो. प्लेटला बोल्ट हवा, हाताने उचलता येणारी प्लेट म्हणजे गार्ड नव्हे. जाळी लावत असाल तर फट आणि अंतर यांचा मेळ घाला. आयएसओ १३८५७ या सुरक्षित अंतरांच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचे आकडे आहेत: १२ ते २० मिलिमीटर रुंदीची लांब फट असेल तर धोक्याचा भाग निदान १२० मिलिमीटर मागे हवा. फट २० ते ३० झाली की अंतर एकदम ८५० वर जातं, कारण तेवढ्या लांब फटीतून अख्खा हात खांद्यापर्यंत जाऊ शकतो. गावातल्या फॅब्रिकेटरला ‘जाळी मार’ एवढंच सांगितलं तर तो हाताशी असलेली जाळी मारेल. आकडा लिहून द्या.

आता पैशाचं. मुकादमाला आणि टोळीला गाठीमागे पैसे मिळत असतील, तर थांबलेला प्रत्येक मिनिट त्यांच्या खिशातून जातो. कुलूप लावून, कापूस काढून, परत सुरू करायला दहा मिनिटं लागतात. चालू मशीनमध्ये हात घालून एका मिनिटात होतं. या दोन आकड्यांसमोर भिंतीवरच्या ‘सुरक्षा प्रथम’चं काही चालत नाही. मशीन अडल्यामुळे थांबलेला वेळ धरून पाळीचा किमान दर ठरवा आणि तो मुकादमाला लेखी द्या. सेफ्टी कल्चर नावाची गोष्ट मला तरी इथून सुरू झालेली दिसते. दुसरी कसोटी: बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना एखाद्या नव्या पोऱ्याने मशीन थांबवलं, तर सुपरवायझरच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो. ‘कोणी थांबवलं रे?’ निघाला की पुढे हंगामभर कोणी थांबवत नाही.

भाषेचंही तसंच. सूचना मराठी-इंग्रजीत, आणि मशीनवर सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेले पावरी-भिली बोलणारे, गावातले अहिराणी बोलणारे, उत्तरेतून आलेले हिंदी बोलणारे. पाळी सुरू होताना पाच मिनिटं उभ्या-उभ्या, मुकादमानेच त्याच्या भाषेत, एकाच विषयावर बोलावं. ‘लाइन बंद शे ना?’ हा प्रश्न हात घालण्याआधी मोठ्याने विचारायची सवय लागली तरी पुष्कळ. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली म्हणून ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह होतो, शपथ होते, बॅनर लागतात. पण मार्चमध्ये जिनिंगचा हंगाम उतरलेला असतो. नवे मजूर येतात दिवाळीच्या तोंडावर, आणि पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे. शपथ मार्चमध्ये घ्यायची तर घ्या, प्रशिक्षण आश्विनात उरका.

कपड्यांकडे लक्ष हवं. गळ्यातला रुमाल, मफलर, साडीचा सुटा पदर, ओढणी हे फिरत्या शाफ्टला गुंडाळतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २७ असं होतं की कापूस दाबण्याच्या कारखान्यात कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं मशीन) चालू असलेल्या भागात स्त्रिया आणि मुलांना कामाला ठेवायचं नाही. कापसाच्या कारखान्यातला धोका इतका जुना आणि ओळखीचा आहे की त्याला स्वतंत्र कलम मिळालं. कामगार सुरक्षेची २०२० ची नवी संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. शाफ्ट तसेच फिरतात. कचरा वेचणाऱ्या बायांना अंगावरून घालायचा, मागे बांधायचा एप्रन द्यावा, त्यात पदर आत राहतो.

‘थोडक्यात वाचलो’च्या घटनांची वही ठेवतात आणि ती कोरी राहते. कारण साधं आहे: लिहिणाऱ्याला नाव विचारलं जातं. ‘अपघातविरहित दिवस’ असा फलक लावला की त्यात भर पडते. आकडा तुटू नये म्हणून कापलेलं बोट बाहेरच्या बाहेर पट्टी बांधून घरी पाठवलं जातं. वहीत नावाचा रकाना काढून टाका. जागा, वेळ, काय झालं असतं, एवढंच. आणि आठवड्यात एका तरी नोंदीवर काम करून ते दाखवा. प्लेटला बोल्ट लागलेला दिसला की दुसरी नोंद आपोआप येते.

आगीबद्दल वेगळं पान लिहावं लागेल, पण दोन गोष्टी इथेच. कापसातून दगड, खिळा, नांगराचा तुकडा येतो, मशीनच्या फिरत्या काट्यांवर आपटून ठिणगी पडते, आणि हवेच्या पाइपातून ती रुईच्या ढिगापर्यंत पोचते. फीडरआधी चुंबक आणि दगड पकडायचा कप्पा हवा, आणि तो दर पाळीला रिकामा करणारा माणूस ठरलेला हवा. भरलेला चुंबक काही पकडत नाही. दुसरी: ठिणगी गाठीत दाबली गेली तर आग आतल्या आत धुमसत राहते, कित्येक दिवस. १७० किलोची घट्ट गाठ बाहेरून थंड लागते. आग लागलेल्या वेळच्या आधी-नंतरच्या गाठी गोदामात न ठेवता उघड्यावर, एकमेकींपासून आणि शेडपासून लांब ठेवून रोज पाहाव्यात. घाईने उघडू नयेत, हवा मिळताच भडकतात. कच्च्या कापसावर मेण असतं, नुसतं पाणी ओघळून जातं. पाण्यात थोडं डिटर्जंट मिसळलं तर ते आत जिरतं.

जळगावच्या डाळ मिलवाल्यांना एक सूचना. किडीसाठी गोदामात धुरी द्यायला अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. आठ तासांसाठीची मर्यादा ०.३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक तृतीयांशही नाही. वास आला तरच गॅस आहे असं धरू नये. ज्या गोदामात धुरी चालू आहे त्याच्या भिंतीला लागून मजुरांची झोपायची खोली असणं हा सगळ्यात मोठा धोका. गॅस फटींतून, विटांच्या सांध्यांतून पलीकडे जातो. मूल्यांकनात ‘धुरी चालू असताना भिंतीपलीकडे कोण झोपतं’ ही ओळ हवीच. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, डझनभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तरी कारखान्याच्या आवारात कोण राहतं, हे कागदावर यायला हवं होतं.

हंगाम संपला की मे महिन्यात पत्रे बदलायचं काम निघतं. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवला की तो तुटतो, आणि उजेडासाठी टाकलेला प्लास्टिकचा पत्रा धुळीने माखून बाकीच्यांसारखाच दिसतो. तो तर पापडच. छपराच्या निदान दोन कैच्यांवर टेकतील एवढ्या लांब फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचं. हार्नेसचा (पडताना धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्याचा) हिशेब मात्र करा. दोरी १.८ मीटर, शॉक अॅब्सॉर्बर उघडून १.७५, पाठीच्या कड्यापासून पायापर्यंत दीड, वर एक मीटर शिल्लक: अडकवलेल्या जागेपासून खाली सहा मीटर मोकळे हवेत. शेडच पाच-साडेपाच मीटर उंच असेल तर हार्नेस घातलेला माणूसही जमिनीवर आपटतो. तिथे आखूड दोरी किंवा आपोआप गुंडाळणारी लाइफलाइन, नाहीतर पत्र्याखाली जाळी.

त्याच दिवसांत मशीन उघडली जातात आणि गार्ड कोपऱ्यात रचले जातात. दसऱ्याच्या तोंडावर परत बसवताना कुठला कोणाचा ते कळत नाही, एक-दोन बसतच नाहीत, आणि ते तिथेच राहतात. म्हणून काढण्याआधी गार्डवर आणि त्याच्या मशीनवर एकच नंबर ऑइलपेंटने टाकावा, बोल्ट त्याच गार्डला पिशवीत बांधून ठेवावेत. ट्रायलच्या दिवशी कोपऱ्यात नंबर टाकलेला पत्रा उरला असेल, तर त्या नंबरचं मशीन पॅनलवर कुलूप लावून बाजूला ठेवायचं आणि बाकीच्यांची ट्रायल घ्यायची.